सेंट ॲब्स

सेंट ॲब्स हे स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील बेरिकशर परगण्यातील एक लहान मच्छीमार गाव आहे. एडिंबरा शहराच्या पूर्वेस रस्त्याने सुमारे ७५ ते ८० किलोमीटर अंतरावर, उत्तर समुद्राच्या काठी ते वसले आहे. इंग्लंडची सीमा येथून फारशी दूर नाही. गावाची वस्ती काही शेकड्यांपलीकडे जात नाही. एक दगडी बंदर, त्याच्या वर उतारावर ओळीने बांधलेली घरे आणि उत्तरेला समुद्रात घुसलेले सेंट ॲब्स हेड हे भूशिर, एवढाच गावाचा विस्तार आहे. समुद्रपक्ष्यांची वसतिस्थाने, पाणबुड्यांना प्रिय असलेले स्वच्छ पाणी आणि १९८४ मध्ये स्थापन झालेले स्कॉटलंडमधील पहिले स्वेच्छा सागरी राखीव क्षेत्र यांसाठी ते ओळखले जाते. २०१९ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ या चित्रपटात ‘न्यू ॲसगार्ड’ म्हणून दिसणारे गाव हेच असल्याने तरुण प्रवाशांची त्यात भर पडली आहे.

येथे येणाऱ्यांपैकी बरेचजण ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबरचा आरंभ निवडतात. त्या काळात गावाचे रूप जूनपेक्षा इतके वेगळे असते, की भेटीचा हेतू आधी निश्चित केल्याशिवाय तारीख ठरवणे फसगतीचे ठरू शकते. म्हणून या लेखात गावाच्या माहितीबरोबर उन्हाळ्याच्या अखेरच्या भेटीचे नियोजनही विस्ताराने दिले आहे.

नाव

गावाचे नाव सातव्या शतकातील एब्बा या राजकन्येवरून आले. ती नॉर्थंब्रियाचा राजा एथेलफ्रिथ याची कन्या आणि ऑस्वाल्ड व ऑस्विउ या राजांची बहीण होती. इ.स. ६४० च्या सुमारास तिने या परिसरात भिक्षू आणि भिक्षुणी या दोघांसाठी एकत्र मठ स्थापन केला. तिच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात तो आगीत नष्ट झाला, असे बीड या इतिहासकाराने नोंदवले आहे. संत कथबर्ट या मठात पाहुणा म्हणून आला असता रात्रभर समुद्राच्या पाण्यात उभा राहून प्रार्थना करीत होता आणि पहाटे तो काठावर येताच पाणमांजरांनी त्याचे पाय आपल्या अंगाने कोरडे केले, ही कथाही बीडनेच सांगितली आहे. मठाची जागा भूशिरावरील कर्क हिल या टेकडीवर असावी, असा जुना समज होता. अलीकडच्या उत्खननांनी मात्र शेजारच्या कोल्डिंगहॅम गावातील मध्ययुगीन प्रायरीच्या आसपास त्या काळाचे अवशेष पुढे आणले आहेत.

‘सेंट ॲब्स’ हे गावाचे नाव त्यामानाने बरेच नवे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या वस्तीला कोल्डिंगहॅम शोअर, म्हणजे ‘कोल्डिंगहॅमचा किनारा’, असे म्हणत. कोल्डिंगहॅममधले मच्छीमार सापळे आणि जाळी पाठीवर घेऊन दीड-दोन किलोमीटर चालत समुद्रावर येत. त्यांनी तुडवलेली वाट आजही ‘क्रील पाथ’, म्हणजे सापळ्यांची वाट, या नावाने वापरात आहे. अठराव्या शतकात काही कुटुंबे किनाऱ्यावरच राहू लागली आणि १८३० च्या दशकात बंदर बांधले गेले. १८८५ मध्ये एडिंबराचा व्हिस्की-उद्योजक अँड्र्यू अशर याने येथील नॉर्थफील्ड ही जमीनदारी विकत घेतली. त्याच्या काळात गावाला नव्या सोयी मिळाल्या आणि आजचे नावही रूढ झाले. एडिंबरामधील अशर हॉल हे प्रसिद्ध संगीत सभागृह याच अशरच्या देणगीतून उभे राहिले.

भूशिर आणि दीपगृह

सेंट ॲब्स हेड हे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे बनलेले आहे. मागच्या बाजूला एक खोल दरी आहे. ती एका भूस्तरभंगाच्या रेषेवर पडली असून तिच्या पलीकडचे खडक वेगळ्या जातीचे, गाळाचे आहेत. या दरीत विसाव्या शतकाच्या आरंभी बांध घालून तयार केलेले मायर लॉक हे गोड्या पाण्याचे तळे आहे. ज्यांना भूविज्ञानाची आवड आहे त्यांनी येथून वायव्येला काही किलोमीटरवर असलेले सिकर पॉइंट चुकवू नये. १७८८ मध्ये जेम्स हटन, जॉन प्लेफेअर आणि सर जेम्स हॉल होडीतून त्या टोकाशी पोहोचले. तेथे जवळजवळ उभ्या राहिलेल्या जुन्या थरांवर तांबड्या वालुकाश्माचे नवे थर आडवे टेकलेले त्यांनी पाहिले. जुने थर तयार होणे, वळून उभे राहणे, झिजणे आणि त्यांवर नवे थर साचणे यांना लागणारा काळ काही हजार वर्षांत बसणारा नव्हता. पृथ्वीचे वय अतिप्राचीन असल्याच्या हटनच्या मताला या एका दृश्याने जेवढे बळ दिले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या पुराव्याने दिले असेल.

भूशिरावरचे दीपगृह २४ फेब्रुवारी १८६२ रोजी प्रथम प्रज्वलित झाले. डेव्हिड आणि थॉमस स्टीव्हन्सन हे त्याचे अभियंते होते. यांपैकी थॉमस हे ‘ट्रेझर आयलंड’कार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील होत. दीपगृह म्हटले की उंच मनोरा डोळ्यांसमोर येतो. येथे मनोरा बुटका आहे आणि तो कड्याच्या माथ्यावर नसून माथ्यापासून काही पायऱ्या खाली आहे. कडाच एवढा उंच, की मनोरा उंच बांधण्याची गरजच नव्हती. १८७६ मध्ये येथे धुक्याचा भोंगा बसवण्यात आला. स्कॉटलंडमधील तो पहिला भोंगा होता. १९९३ पासून दीपगृह स्वयंचलित आहे.

१४ ऑक्टोबर १८८१

या किनाऱ्याची ओळख करून घेताना एक तारीख टाळता येत नाही. १४ ऑक्टोबर १८८१ हा शुक्रवार होता. आठवड्यातले बरेच दिवस खराब हवेमुळे होड्या बंदरात अडकून पडल्या होत्या. त्या सकाळी समुद्र शांत दिसत होता, मात्र वायुभारमापकातील पारा खाली गेला होता. घरात पैसा नव्हता आणि गळाला लावलेले आमिष वाया जाणार होते. होड्या निघाल्या. दुपारच्या सुमारास आकाश काळवंडले आणि काही मिनिटांत वादळ सुरू झाले. परतणाऱ्या कित्येक होड्या आयमाउथ बंदराच्या तोंडाशी असलेल्या खडकांवर आपटून फुटल्या. काठावर उभ्या असलेल्या घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत हे घडले.

त्या दिवशी १८९ मच्छीमार मरण पावले. त्यांपैकी १२९ एकट्या आयमाउथचे होते. बर्नमाउथचे २४ आणि कोव्हचे ११ जण गेले. कोल्डिंगहॅम शोअर, म्हणजेच आजचे सेंट ॲब्स, येथील ३ जण होते. आकडा लहान वाटतो, पण गावही तेवढेच लहान होते. शिल्पकार जिल वॉटसन यांनी या दुर्घटनेत मागे राहिलेल्या बायका-मुलांची लहान कांस्यशिल्पे केली आहेत. ज्या गावांतून माणसे गेली त्या गावांत ती बसवलेली असून सेंट ॲब्समधील शिल्पातल्या आकृतीही समुद्राकडेच पाहत उभ्या आहेत. आयमाउथच्या संग्रहालयात शताब्दीनिमित्त १९८१ मध्ये तयार केलेले मोठे भरतकाम-चित्र आहे. पावसाच्या दिवशी दोन तास घालवण्यासाठी त्याहून योग्य जागा या परिसरात नाही.

जीवनरक्षक नौका

ऑक्टोबर १९०७ मध्ये ‘आल्फ्रेड एर्लंडसेन’ हे डॅनिश वाफेचे जहाज गावासमोरच्या खडकांवर आपटले. किनाऱ्यावरच्या लोकांना खलाशांच्या हाका ऐकू येत होत्या, परंतु जवळपास जीवनरक्षक नौका नव्हती आणि दूरच्या ठाण्यांवरून मदत वेळेवर पोहोचू शकली नाही. जहाजावरील सर्व १७ जण बुडाले. गावातील जेन हे या बाईंनी त्यानंतर नौकेसाठी चिकाटीने मोहीम चालवली आणि १९११ मध्ये राष्ट्रीय जीवनरक्षक नौका संस्थेचे ठाणे सेंट ॲब्समध्ये सुरू झाले.

हे ठाणे शतकाहून अधिक काळ चालले. शेजारच्या आयमाउथ ठाण्यातून या भागाची गरज भागेल असा निर्णय घेऊन संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्ये ते बंद केले. गावकऱ्यांना तो निर्णय पटला नाही. या पाण्यात पाणबुडे मोठ्या संख्येने उतरतात आणि संकटात मिनिटांचा हिशेब असतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी देणग्या गोळा केल्या. टनॉक्स या स्कॉटिश बिस्किट कंपनीने मोठा वाटा उचलला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये ‘थॉमस टनॉक’ नावाची स्वतंत्र नौका सेवेत दाखल झाली. आजही ती लोकवर्गणीवर चालते व तिच्यावरचे कर्मचारी स्वयंसेवक आहेत. बंदरावर ठेवलेली देणगीपेटी ही त्यामुळे केवळ शोभेची वस्तू नाही.

सागरी राखीव क्षेत्र

१९८४ मध्ये मच्छीमार, पाणबुडे आणि निसर्ग-अभ्यासक यांनी आपसांत ठरवून हे क्षेत्र स्थापन केले. सेंट ॲब्स हेडच्या मागील पेटिको विक या लहान उपसागरापासून आयमाउथच्या हद्दीपर्यंत सुमारे ८ किलोमीटर किनाऱ्यालगत आणि समुद्रात ५० मीटर खोलीपर्यंत त्याचा विस्तार आहे. कायद्याच्या बडग्यापेक्षा परस्पर शब्दावर ते उभे राहिले, हे त्याचे वैशिष्ट्य होय. खेकडे आणि शेवंड यांसाठी सापळे लावण्याची परंपरागत मासेमारी चालू राहिली. पाणबुड्यांनी पाण्यातून कोणताही जीव उचलून आणू नये, हा नियम सर्वांनी मान्य केला.

पाण्याखाली केल्प नावाच्या उंच समुद्रवनस्पतीची दाट राने आहेत. त्यांच्या खाली खडकांच्या भिंती ‘मृत माणसाची बोटे’ या विचित्र नावाच्या मऊ प्रवाळांनी झाकलेल्या आहेत. उत्तरेकडील थंड पाण्यातला वुल्फफिश हा मोठ्या जबड्याचा मासा येथे पाणबुड्यांच्या आवाक्यातील खोलीवर दिसतो. बंदराजवळची ‘कॅथीड्रल रॉक’ ही पाण्याखालची कमान विशेष प्रसिद्ध आहे.

उन्हाळ्याच्या अखेरीस काय दिसते, काय दिसत नाही

पर्यटन-पुस्तिकांतील सेंट ॲब्स हेडची छायाचित्रे बहुधा मे-जूनमधली असतात. त्या वेळी कड्यांवर गिलेमॉट, रेझरबिल आणि किटीवेक हजारोंच्या संख्येने दाटीवाटीने बसलेले असतात. त्यांचा कलकलाट आणि वास दूरवर पोहोचतो. ही छायाचित्रे पाहून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात येणाऱ्याला रिकामे, पांढऱ्या डागांनी माखलेले कडे पाहावे लागतात. गिलेमॉट आणि रेझरबिल जुलैच्या अखेरीपर्यंत पिलांसह समुद्रावर निघून जातात. त्यांची पिले पंख पुरते वाढण्याआधीच कड्यावरून खाली उडी घेतात आणि पुढचे आठवडे बापाच्या सोबतीने पाण्यावर काढतात. किटीवेकही ऑगस्टमध्ये झपाट्याने कमी होतात. पफिन येथे मुळातच थोडे, तेही या सुमारास गेलेले असतात. ज्याला पक्ष्यांनी भरलेले कडे पाहायचे आहेत त्याने जुलैच्या मध्यानंतरची तिकिटे काढू नयेत, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

किटीवेकच्या बाबतीत रिकाम्या कड्यांचे आणखी एक कारण आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून येथील त्यांची संख्या फार मोठ्या प्रमाणात घटली. समुद्राचे तापमान वाढल्यामुळे सँड-ईल या त्यांच्या मुख्य खाद्यमाशाची उपलब्धता बदलली, हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते. त्या माशाच्या मासेमारीचाही प्रश्न होता. स्कॉटलंडच्या शासनाने २०२४ पासून आपल्या सर्व सागरी हद्दीत सँड-ईलची मासेमारी बंद केली. २०२२ आणि २०२३ मध्ये बर्ड फ्लूच्या साथीने या किनाऱ्यावरील समुद्रपक्ष्यांची वेगळीच हानी केली.

तरीही अखेरच्या उन्हाळ्यात पाहण्यासारखे बरेच उरते. फुलमार पक्ष्यांची पिले ऑगस्टच्या शेवटापर्यंत घरट्यांत असतात. त्यांच्या फार जवळ जाऊ नये, कारण बचावासाठी ती पोटातले दुर्गंधी तेल नेमके अंगावर उडवतात आणि तो वास कपड्यांतून सहजासहजी जात नाही. वायव्येला असलेल्या बास रॉक या बेटावर गॅनेट पक्ष्यांची जगातील सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक आहे. तेथील पक्षी सप्टेंबरभर भूशिरावरून ये-जा करतात आणि पंख मिटून बाणासारखे पाण्यात सूर मारतात. पूर्वेचा वारा आणि पाऊस एकत्र आला की स्थलांतर करणारे छोटे पक्षी थकून किनाऱ्यावर उतरतात. मायर लॉकच्या काठची झुडपे अशा सकाळी पक्षी-निरीक्षकांनी भरलेली असतात. इतरांना जी हवा कंटाळवाणी वाटते तीच त्यांना हवी असते.

पाणबुड्यांसाठी तर हाच काळ उत्तम समजला जातो. वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी पाण्यात सूक्ष्म वनस्पतींची वाढ होऊन ते गढूळ होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते निवळते आणि पाण्याचे तापमानही वर्षातील सर्वाधिक, म्हणजे १३ ते १४ अंश सेल्सियसच्या आसपास असते. ‘सर्वाधिक’ या शब्दाने भारतीय वाचकाची दिशाभूल होऊ नये. हे पाणी थंडच आहे आणि जाड पोशाखाशिवाय त्यात फार वेळ राहणे धोक्याचे आहे. गावाच्या दक्षिणेस चालत जाण्याच्या अंतरावर कोल्डिंगहॅम बे ही वाळूची चौपाटी आहे. रंगीत लाकडी खोपट्यांची ओळ असलेल्या या चौपाटीवर लाटांवर फळी घेऊन खेळणारे लोक मुख्यतः दिसतात.

तारखा आणि मुक्काम

स्कॉटलंडमधील शाळा ऑगस्टच्या मध्यास सुरू होतात. त्यामुळे त्यानंतर गर्दी ओसरते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. सेंट ॲब्सबाबत हे अर्धेच खरे आहे. इंग्लंडमधील शाळा सप्टेंबरच्या आरंभी उघडतात, तेथील सार्वजनिक सुट्टी ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी येते आणि सीमा जवळ असल्यामुळे त्या शनिवार-रविवार-सोमवारी गावातील मोजक्या खोल्या आणि बंदरावरील वाहनतळ भरून जातात. स्कॉटलंडची ही सुट्टी ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी असते, हा फरक परदेशी प्रवाशाच्या लक्षात सहसा येत नाही. शांतता हवी असेल तर सप्टेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा अधिक सोयीचा.

एडिंबरामध्ये मुक्काम करून दिवसभरासाठी येण्याचा बेत असेल, तर तेथील महोत्सवांचे भान ठेवावे. १९४७ पासून भरणारा एडिंबरा आंतरराष्ट्रीय महोत्सव आणि त्याच्या जोडीचा फ्रिंज महोत्सव ऑगस्टचे सुमारे तीन आठवडे व्यापतात. त्या काळात शहरातील खोल्यांचे भाडे सामान्य प्रवाशाच्या आवाक्याबाहेर जाते. अशा वेळी बेरिक-अपॉन-ट्वीड किंवा आयमाउथ येथे राहणे शहाणपणाचे.

सेंट ॲब्समध्ये मोठे दुकान नाही. बंदरावरील उपाहारगृहात चहा, सूप आणि सकाळीच पकडलेल्या खेकड्याचे सँडविच मिळते. शाकाहारी प्रवाशाला निवड मर्यादित असल्याने आयमाउथमध्ये शिधा घेऊन ठेवणे बरे. संध्याकाळी लवकर सर्व काही बंद होते. तसेच चित्रपटातले गाव शोधणाऱ्यांनी फार अपेक्षा ठेवू नये. चित्रीकरणाचे देखावे केव्हाच उतरवले गेले. बंदर, घरे आणि गावाचे ‘न्यू ॲसगार्ड’शी भगिनी-नाते जाहीर करणारी पाटी, एवढेच तेथे आहे आणि छायाचित्रासाठी ते पुरतेही.

हवा आणि उजेड

स्कॉटलंडचा पूर्व किनारा पश्चिम किनाऱ्यापेक्षा बराच कोरडा आहे. ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान साधारण १७ ते १८ अंशांपर्यंत जाते, परंतु वारा असला की ते फसवे ठरते. पश्चिमेच्या डोंगराळ भागात प्रवाशांना हैराण करणाऱ्या ‘मिज’ या चावऱ्या चिलटांचा उपद्रव येथे फारसा नाही. त्याऐवजी येथे ‘हार’ आहे. समुद्रावरून येणाऱ्या दाट धुक्याला या किनाऱ्यावर हे नाव आहे. कोल्डिंगहॅममध्ये लख्ख ऊन असताना बंदरातून दीपगृहाची टेकडी दिसेनाशी व्हावी, असे सहज घडते. जूनमध्ये येथे दिवस साडेसतरा तासांचा असतो. सप्टेंबरच्या आरंभी सूर्य सकाळी सव्वासहाच्या सुमारास उगवतो आणि रात्री आठच्या सुमारास मावळतो. संध्याकाळची फेरी ठरवताना हे ध्यानात असावे.

चालण्याच्या वाटा

१९८० पासून भूशिर नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेच्या मालकीचे असून तो राष्ट्रीय निसर्ग-राखीव भाग आहे. गावाच्या थोडे अलीकडे नॉर्थफील्ड येथे संस्थेचा वाहनतळ आहे. तेथून कड्याच्या काठाने दीपगृहापर्यंत जाऊन मायर लॉकच्या बाजूने परत येण्यास रमतगमत दोन ते अडीच तास लागतात. वाट कठीण नाही, पण कडे निखळते आहेत आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही. ओल्या गवतावर गुळगुळीत तळव्याची पादत्राणे चालत नाहीत. मेंढ्या चरत असल्याने कुत्रा दोरीला बांधलेला असावा.

२००३ च्या भूमी-सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक खासगी जमिनीवरूनही जबाबदारीने पायी जाण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. इंग्लंडमध्ये एवढा व्यापक हक्क नाही. फाटके जशी होती तशी लावणे आणि उभ्या पिकातून न जाणे ही त्याची दुसरी बाजू होय. लांब चालणाऱ्यांसाठी कोबर्नस्पाथ ते बेरिक हा सुमारे ४८ किलोमीटरचा किनारी मार्ग गावातूनच जातो. त्यातील सेंट ॲब्स ते आयमाउथ हा टप्पा अर्ध्या दिवसाचा आहे. कोल्डिंगहॅममधून परतल्यास १०९८ मध्ये राजा एडगरने दिलेल्या दानातून उभ्या राहिलेल्या प्रायरीचे अवशेषही पाहता येतात. तिचा उरलेला भाग आजही गावाचे चर्च म्हणून वापरात आहे.

ओहोटीच्या वेळी खडकांतील डबकी पाहण्यासाठी उतरणाऱ्यांनी भरतीची वेळ आधी पाहून ठेवावी. परतीची वाट पाण्याखाली जाऊन माणसे अडकण्याचे प्रकार या किनाऱ्यावर घडतात. संकटात ९९९ या क्रमांकावर दूरध्वनी करून ‘कोस्टगार्ड’ मागावा.

कसे जावे

१९६४ मध्ये बंद झालेले रेस्टन हे रेल्वे स्थानक २३ मे २०२२ रोजी पुन्हा सुरू झाले. ते गावापासून सुमारे ७ किलोमीटरवर आहे. एडिंबराहून तेथे पोहोचण्यास पाऊण तासाच्या आसपास लागतो. दिवसात थोड्याच गाड्या तेथे थांबतात, म्हणून परतीची गाडी पाहिल्याशिवाय निघू नये. बेरिक-अपॉन-ट्वीड येथे लंडन-एडिंबरा मार्गावरील बऱ्याच गाड्या थांबतात आणि तेथून बसने किनाऱ्याच्या गावांत जाता येते. रविवारी बस विरळ असतात. मोटारीने येणाऱ्यांनी ए-१ महामार्ग सोडून कोल्डिंगहॅममार्गे यावे. वाहने भारताप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात. अखेरचा रस्ता अरुंद व उताराचा आहे. बंदरावर मोठी वाहने वळवणे अवघड जाते.

भारतीय नागरिकांना युनायटेड किंग्डमचा अभ्यागत व्हिसा लागतो. स्कॉटलंडसाठी वेगळा व्हिसा नसतो आणि युरोपचा शेंगेन व्हिसा येथे चालत नाही. उन्हाळ्यात अर्जांची संख्या वाढत असल्याने ऑगस्टच्या प्रवासासाठी अर्ज वसंतातच केलेला बरा.

समुद्रातून भूशिर दाखवणाऱ्या होड्या स्थानिक नावाडी चालवतात. पूर्वेचा वारा असला की फेऱ्या रद्द होतात आणि त्याबाबत नावाड्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. एकाच दिवसासाठी येणाऱ्याने होडी सकाळच्या वेळेची घ्यावी. मुक्कामी राहणाऱ्याने एक दिवस राखून ठेवावा.

ऑक्टोबरनंतर

ज्यांचा सप्टेंबरचा बेत जमत नाही त्यांनी नोव्हेंबरचा विचार करण्यास हरकत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत करडे सील भूशिराच्या पायथ्याशी असलेल्या गोट्यांच्या पुळणींवर पिलांना जन्म देतात. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरील त्यांच्या मोठ्या वसाहतींपैकी ही एक आहे. पांढऱ्या लोकरीची पिले वरच्या वाटेवरूनच पाहावी लागतात. माणूस खाली उतरला तर आई पिलाला सोडून पाण्यात जाते आणि कधीकधी परत येत नाही. म्हणून त्या महिन्यांत खाली जाणाऱ्या वाटा बंद ठेवल्या जातात. त्या दिवसांत उजेड दुपारी चारच्या सुमारास संपतो आणि गावातील बहुतेक पाहुणचाराच्या सोयी वसंतापर्यंत मिटलेल्या असतात.